जांभळ्याच्या पोटातला कॅमेरा

१

कॅमेरा नाहीसा झाल्याची बातमी आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर आली.

"नाहीसा झाला तर पोलिसांत जा," मी फोनवर म्हणालो. "आम्ही काय करणार?"

"बाबा, तो कुत्र्याच्या पोटात होता," आमची लेक कीर्ती म्हणाली. "आता आहे की नाही, तेच कळत नाही. आईला दे फोन."

आमच्या घरात काही महत्त्वाचं असलं की फोन आईलाच द्यायचा असतो. मी निमूटपणे दिला.

आमची ही, म्हणजे सुधा, डहाणू रोड स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही भाषांत सारख्याच ठसक्यात. नोकरी संपली, ठसका राहिला, आणि कान तर आणखी तिखट झाले. आमच्या नरपडला कुणाची जाळी चोरीला गेली, कुणाच्या कोंबड्या गेल्या, की लोक आधी हिच्याकडे येतात. ही डोळे मिटून ऐकते आणि मग "तुझा मेव्हणाच" असं काहीतरी सांगून मोकळी होते. मी मूळचा सांगलीकडे कुंभोजचा, चित्रकलेचा मास्तर. माझं गुजराती 'केम छो'ला सुरू होतं आणि फाफड्यापाशी संपतं. त्यामुळे हिच्या तपासात माझं काम रिक्षा ठरवण्याचं.

गंजाडच्या अलीकडे चिकूच्या वाडीत प्राण्यांच्या रक्तविकारांवर संशोधन करणारं एक छोटं केंद्र आहे. कीर्ती तिथे डॉक्टर. २०१९ चा जानेवारी होता तो. डहाणू-तलासरीत तेव्हा जमीन अधूनमधून हादरायची आणि निम्मा तालुका थंडीत अंगणात झोपत होता. केंद्रातली कुत्रीसुद्धा इमारतीतून वाडीत, चिकूखालच्या कुंपणात हलवली होती. एक्स-रेच्या खोलीची भिंत तडकली म्हणून ती खोली बंद होती.

त्या कुत्र्यांतला लाडका म्हणजे जांभळ्या. रंगाने हा पांढरास्वच्छ. पण जन्मापासून याच्या रक्ताला गोठायचंच ठाऊक नाही. जरा कुठे धक्का लागला की कातडीखाली जांभळी गाठ, म्हणून हे नाव. अशा कुत्र्याच्या आतड्यात रक्तस्राव होतोय का, हे बघायचं कसं? नळी घालावी तर ती खरचटणार आणि रक्त थांबणार नाही. म्हणून कीर्तीने आणि तिच्या वरिष्ठांनी गिळायचा कॅमेरा आणवला. चिकूच्या बीपेक्षा थोडा मोठा. गिळला की आतड्यातून फोटो काढत जातो, ते स्वतःच्याच पोटात साठवतो आणि शेवटी मागच्या दाराने बाहेर येतो. मग तो उचलून धुवायचा आणि फोटो काढून घ्यायचे.

जांभळ्याने परवा कॅमेरा गिळला होता. आणि तो बाहेर आलेला कुणीही पाहिला नव्हता.

"अडकला असेल तर पोट कापून काढावा लागेल," रिक्षात बसता बसता सुधाने मला सांगितलं. तिचा आवाज एरवीसारखा नव्हता. "मुंबईहून सर्जन दुपारच्या गाडीने येतायत. आणि कापलं, तर तो जगेल असं कीर्तीला वाटत नाही."

कीर्तीने त्या कुत्र्याला पिल्लू असल्यापासून बाटलीने दूध पाजलं होतं. मी रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

२

केंद्रात पोचलो तर कुंपणाबाहेर भांडण रंगात आलं होतं.

एका बाजूला डॉक्टर नविनभाई. केंद्राचे प्रमुख, वापीचे, उंच आणि घाईचे. दुसऱ्या बाजूला उमेश, कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर चिकूच्या चिकाचा डाग.

"आमचा कॅमेरा आतापर्यंत कुठल्याही कुत्र्यात अडकलेला नाही!" उमेश म्हणत होता. "तो बाहेर आला आणि कुणीतरी उचलला. सरळ चोरी आहे ही."

"अरे, कोण चोरणार? कुत्र्याच्या पोटातून आलेली वस्तू?" नविनभाई म्हणाले. "तो आतच आहे. सोनोग्राफीत दिसतो ना! कडक वस्तू आहे, मागे काळी सावली पडते. आणि कुत्रा कालपासून जेवत नाही. दुसरं काय असणार?"

मग आम्हाला पाहून त्यांनी हात जोडले. "या सुधाबेन. या मास्तर." आणि लगेच कीर्तीकडे वळून काळजीने विचारलं, "झाडामां लोही नथी ने?"

"नाही सर, अजून तरी नाही," कीर्ती म्हणाली.

लोही म्हणजे रक्त, एवढं मला कीर्तीमुळे ऐकून ठाऊक होतं. माझ्या कानावर हे पडलं आणि मी चिकूच्या झाडांकडे बघत राहिलो. चिकूला चीक येतो हे मला ठाऊक होतं. झाडात रक्त हे नवीनच होतं. पण वाडीतली माणसं, त्यांचं त्यांना माहीत, म्हणून मी गप्प बसलो.

कुंपणात जांभळ्या पोत्यावर पडला होता. समोर अंड्याचा भात तसाच. मी "यू यू" केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं आणि पुन्हा हनुवटी पंजांवर टेकली.

"कीर्ती, याला दुसरीकडे नेऊन एक्स-रे नाही काढता येणार?" मी विचारलं.

"बाबा, मागे नुसता तलासरीपर्यंत जीपने नेला होता. गचक्यांनी गुडघ्यात रक्त साकळलं आणि किती दिवस तो तीन पायांवर होता. आता मुंबईचा रस्ता?" ती हसायचा प्रयत्न करत होती. "आई, मला फक्त एवढंच सांग. तो आत आहे की बाहेर?"

सुधाने पदर खोचला. याचा अर्थ आता कुणी मध्ये बोलायचं नाही.

३

आधी संगीता. कुंपणं झाडून काढायचं काम तिचं.

"काल तू आलीस तेव्हा काय पाहिलंस?"

"काय बघणार मावशी, त्याचा रोजचाच. टोपलीत काढून ठेवलेला होता. डाक्टर येऊन बघतील, टाकू नको असा लाहूनी सांगला, म्हणून मी हात नाय लावला." संगीताने नाकाला पदर लावून दाखवला. "पण आधीच कोणी काडीनी उकरलेला होता. काडी पन तिथंच पडलेली."

"उकरलेला?" नविनभाई चमकले. "मी संध्याकाळी आलो तेव्हा मला वाटलं, कुत्र्यानेच पाय दिला."

"कुत्र्याला काडी धरता येत नाही, नविनभाई," सुधा म्हणाली.

लाहू म्हणजे कुत्र्यांना सांभाळणारा. सायवनजवळच्या पाड्यावरचा. बहिणीचं लग्न म्हणून काल दुपारीच रजेवर गेलेला. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे सकाळपासून फोन लावून लावून कीर्तीचं बोट दुखायला आलं होतं.

"जाताना काही बोलला का गं तो?" सुधाने विचारलं.

"खुशीत होता. बोलला, डाक्टरचा काम केलाय, आता मी मोकला."

"ऐका!" उमेश उसळला. "काम केलाय! म्हणजे उकरून काढला, खिशात घातला आणि गेला. लग्नाचा खर्च निघाला!"

"लाहू असं करणार नाही," कीर्ती म्हणाली.

"मग कापा कुत्र्याला," उमेश म्हणाला.

तो बोलला खरं, पण बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा उतरला. मला मात्र त्याचा राग आला तो आलाच. माझ्या पोरीपुढे दोनच वाटा होत्या. लाहू चोर, नाहीतर जांभळ्या मेला. आणि दोन्ही तिचेच होते.

सुधाने उमेशला बाजूला घेतलं. "तुम्ही काल इथे होतात?"

"सकाळी आलो होतो. डॉक्टर नव्हते, परत गेलो. माझी बॅग तपासा हवं तर."

"नको. कॅमेरा तुमच्याकडे असता तर तुम्ही तो आत्ताच 'सापडला हो' म्हणून काढून दाखवला असता. कॅमेरा अडकला नाही हे सिद्ध होण्यातच तुमचा फायदा आहे." उमेशला यावर खूश व्हावं की चिडावं ते कळेना. तो बॅगेची चेन उगाच उघडत मिटत राहिला.

मग ही माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "चोरी करून निघालेला माणूस 'डॉक्टरांचं काम केलं' असं सांगत सुटतो का हो?"

"नाही."

"मग त्याने कामच केलंय. प्रश्न एवढाच, की त्याला काम काय सांगितलं होतं?"

४

नविनभाई काल दिवसभर वापीला होते आणि कीर्तीही कामाने तलासरीला गेलेली. लाहूला त्यांनी सकाळी फोनवर सूचना दिल्या होत्या.

"काय सांगितलंत?" सुधाने विचारलं.

"हेच की, कॅप्सूल, म्हणजे तो कॅमेरा, बाहेर आली तर हात लावायचा नाही. जशी आहे तशी विष्ठेतच राहू द्यायची. धुताना हरवते, आपटते, लोक नळाखाली धरतात. म्हटलं, मी येऊन काढतो."

"हे मराठीत सांगितलंत?"

"नाही, गुजरातीत. लाहूला गुजराती येतं ना! उंबरगावला कारखान्यात होता तो."

"मग मला गुजरातीतच सांगा. जसं बोललात तसंच. एक शब्द इकडचा तिकडे नको."

"काय फरक पडतो, सुधाबेन? गाडी येते आहे..."

"नविनभाई, मी जन्मभर गाड्याच सांगितल्या. एक शब्द चुकला तर विरारचा माणूस वलसाडला पोचतो. बोला."

नविनभाईंनी कानाशी फोन धरल्यासारखा हात धरला आणि म्हणाले, "कॅप्सूल निकळे तो झाडामां ज रहेवा देजे. हुं आवीने लई लईश."

सुधाने डोळे मिटले होते. ते तिने उघडले, आणि ती हसायला लागली. साधंसुधं नाही, खांदे हलेपर्यंत. कीर्ती घाबरून तिच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, ताणाने हिचं डोकं फिरलं.

"लाहू त्यावर काय म्हणाला?" तिने कसंबसं विचारलं.

"म्हणाला, 'कुठल्यापन?' मला वाटलं, विचारतोय कुठल्याही वेळी आलं तरी का. मी म्हटलं, हो हो, कुठल्यापण."

आता तर ही पोट धरून खालीच बसली.

"आई!" कीर्ती ओरडली. "कुठे आहे कॅमेरा?"

सुधाने डोळे पुसले आणि बोट वर केलं. आम्ही सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"आभाळात नाही," ती म्हणाली. "झाडात."

५

"गुजरातीत झाडो म्हणजे शौच," सुधा म्हणाली. "झाडामां म्हणजे शौचात. नविनभाई डॉक्टर, त्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहादा येतो. पण लाहू उंबरगावला खोकी उचलत होता. उचल, ठेव, उतार, एवढं गुजराती तिथे लागतं. झाड्याची चौकशी कारखान्यात कोण करतं? आणि तो राहतो चिकूच्या वाडीत. त्याला डॉक्टरांनी सांगितलं, वस्तू झाडामध्ये राहू दे, मी येऊन घेईन. त्याने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा, कुठल्या पण झाडात का? डॉक्टर म्हणाले, हो हो, कुठल्यापण!"

नविनभाईंनी कपाळावर हात मारला. मी माझा हात खिशातच ठेवला, कारण झाडात रक्त असतं का हा विचार मी सकाळी एकट्यानेच केला होता आणि तो तसाच राहिलेला बरा होता.

"पण झाडं तर शेकड्यांनी आहेत," उमेश म्हणाला.

"मग शोधा!"

पुढचा देखावा मी चित्रात काढला तर कुणी खरं मानणार नाही. वाडीत सगळे माना वर करून हिंडत होते. उमेश इस्त्रीचा शर्ट विसरून फांदीवर चढला. संगीता फळं काढायच्या जाळीच्या काठीने पानं हलवत होती आणि पिकले चिकू आमच्या डोक्यावर पडत होते. नविनभाई प्रत्येक बुंध्याशी थांबून स्वतःलाच गुजरातीत शिव्या घालत होते. या एका वेळी त्यांचं गुजराती मला नीट कळलं.

सुधा मात्र जागची हलली नाही. "लाहू कामाला कसा आहे गं?" तिने कीर्तीला विचारलं.

"चोख. सांगितलं त्याच्यापेक्षा चार पावलं पुढे."

"मग तो कुठल्याही झाडात ठेवणार नाही. डॉक्टरांना आल्या आल्या हाताला लागेल अशा झाडात ठेवेल. नविनभाई, तुम्ही गाडी कुठे लावता?"

फाटकाजवळच्या जुन्या चिकूखाली नविनभाईंची गाडी उभी होती. कालही वापीहून आल्यावर तिथेच लावली होती. तिच्या टपाच्या बरोबर वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, फांदीच्या बेचक्यात पळसाच्या पानाची पुडी सुतळीने बांधलेली होती. नविनभाई काल संध्याकाळी तिच्याखालून वाकून गाडीत बसले होते आणि सकाळी तिच्याखालूनच वाकून उतरले होते.

कीर्तीने पुडी सोडली. आत कापसात गुंडाळलेला, घासूनपुसून लखलखीत केलेला कॅमेरा होता.

तिने तो छातीशी धरला, पण लगेच तिचा चेहरा पुन्हा बदलला. "आई, मग पोटात आहे ते काय? कडक वस्तू दिसतेच आहे आत. आणि तो जेवत का नाही?"

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मुंबईचे सर्जन उतरले. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा, त्यात जांभळ्याचं रक्त गोठावं म्हणून द्यायचा दुसऱ्या कुत्र्यांचा प्लाझ्मा.

"टेबल तयार आहे ना?" त्यांनी विचारलं.

६

"जरा थांबा," सुधा म्हणाली. "जो आत जाऊन आलाय त्याला आधी विचारू."

उमेशने आयुष्यात एवढ्या भक्तिभावाने कुठली वायर जोडली नसेल. संगणकाच्या पडद्यावर फोटो सरकू लागले. मी चित्रकलेचा माणूस, मला आतड्यांची काय गोडी? पण ते दृश्य सुंदर होतं. मऊ, ओलसर, गुलाबी भिंती, वळणामागून वळण. कीर्ती पडद्याला नाक लावून बघत होती.

"रक्त नाही," ती पुटपुटली. "सर, कुठेच रक्त नाही! पूर्ण आतडं पाहिलं, आणि ओरखडासुद्धा नाही!"

"थांबव! मागे घे," सर्जन म्हणाले.

पडद्यावर, गुलाबी वळणात, काहीतरी काळंभोर चमकत होतं. लांबट, गुळगुळीत, एका टोकाला बारीक आकडा. त्याच्यामागे दुसरं. आणखी एक.

वाडीत राहणाऱ्या कुणालाही ते ओळखायला सर्जनची गरज नव्हती. चिकूच्या बिया होत्या त्या.

"पण मी त्याला उपाशी ठेवला होता!" कीर्ती म्हणाली.

"ताई, झाडाखाली बांधून?" संगीता म्हणाली. "पिकलेला चिकू तोंडापुढं पडला तर तुमी सोडाल का?"

जमीन हादरली म्हणून कुत्रा वाडीत आला, आणि वाडीत आला म्हणून चिकू खाल्ले. सोनोग्राफीतली कडक वस्तू नि काळी सावली ती हीच. सर्जनांनी फोटो पुन्हा पाहिले, जांभळ्याचं पोट हलक्या हाताने चाचपलं आणि म्हणाले, "मऊ आहे. मार्ग मोकळा आहे. बिया आपोआप येतील. मी कापणार नाही. पण हा जेवत का नाही, ते मला सांगता येत नाही."

"ते मी सांगते," सुधा म्हणाली. "सकाळपासून तो ताटलीकडे नाही, फाटकाकडे बघतोय. नविनभाई, गाडी काढा. सायवनला जायचंय."

लाहू आला तो हळदीच्या हातांनीच, डोक्याला नवा रुमाल गुंडाळून. गाडीत त्याला सगळा प्रकार कळला होता. चोरीचा संशय घेतला म्हणून तो रागावला नव्हता. त्याला राग वेगळ्याच गोष्टीचा होता.

"डाक्टर, तुमच्या डोक्यावं बांधला होता," तो म्हणाला. "तुमी वर बघलाच नाय?"

"नाही बघितलं, लाहू. चूक माझी," नविनभाई म्हणाले, आणि हे त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं.

"आणि मीही बोललो काहीबाही," उमेश म्हणाला. "सॉरी रे."

लाहूने मान हलवली आणि तो कुंपणात शिरला. जांभळ्या उठला. शेपूट एवढी हलली की मला भीती वाटली, हा स्वतःलाच मारून घेऊन गाठ आणेल. लाहूने ताटलीतला भात कालवला, एक घास पुढे केला. तो गेला. दुसरा गेला. मग ताटली चाटायचा आवाज येऊ लागला.

दिवसभर धीराने उभी असलेली माझी लेक तेव्हा लहान मुलासारखी रडली. सुधाने तिला जवळ घेतलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो. इतकं सुख मला फार दिवसांत झालं नव्हतं.

लग्नघरी लाहूला परत पोचवायचं होतं, आणि लाहू एकट्याने जायला तयार नव्हता. कीर्ती जांभळ्यापाशी राहिली, बाकी सगळे नविनभाईंच्या गाडीत कोंबून गेलो. मांडवात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणत होती. सर्जन डाळभातावर असे तुटून पडले की हत्यारांची पेटी केंद्रातच विसरल्याचं त्यांना मुंबईला पोचल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी उचलला.

"आईला देऊ?" मी विचारलं.

"नको बाबा, तूच ऐक," कीर्ती म्हणाली. मागे नविनभाई, लाहू, संगीता, सगळ्यांचा गलका ऐकू येत होता, आणि कुणीतरी चक्क टाळ्या वाजवत होतं. "तिन्ही बिया आल्या! तिन्ही! आणि रक्ताचा एक थेंब नाही!"

मी तसाच स्वयंपाकघराकडे धावलो आणि तिन्ही भाषांत न बसेल अशा आवाजात आमच्या हिला ती घोषणा करून टाकली.